लाखेच्या तबकड्यांचे पुनःप्रकाशन : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक परामर्श

(१)

ग्रंथाचे पुनर्मुद्रण आणि ग्रंथाचे संपादन या दोन भिन्न क्रिया आहेत, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, तेव्हापासून हा विवेक या भाषेच्या परंपरेत नांदत आला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये सिद्धीस नेले. मध्यंतरी, १९४१ साली, डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी भारतीय पाठचिकित्सेची तत्त्वे एका स्वतंत्र ग्रंथात मांडली. हस्तलिखित शब्दाच्या बाबतीत इतका जागरूक असलेला हा समाज ध्वनिमुद्रित स्वराच्या बाबतीत मात्र पुनर्मुद्रणावरच संतुष्ट राहिला आहे.

भारतात लाखेच्या तबकड्यांचे युग सुमारे पासष्ट वर्षे चालले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास पहिली महत्त्वाची मुद्रणे केली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशा तबकड्या बाजारात येत होत्या. त्यांतील काही भाग पुढे दीर्घवादन तबकड्या, ध्वनिफिती, सीडी आणि आता आंतरजाल अशा क्रमाने पुन्हा श्रोत्यांपुढे आला. या पुनःप्रकाशनाने रसिकांचे ऋण वाढविले, यात संशय नाही. बालगंधर्व (१८८८–१९६७) किंवा अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे गाणे आजच्या विद्यार्थ्याच्या कानी पडते ते यामुळेच. तथापि पुन्हा प्रकाशित झालेली वस्तू मूळ वस्तूशी किती इमान राखते आणि निवडीच्या चाळणीतून काय निसटते, हे दोन प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. निसटते ते प्राधान्याने वाद्यवृंदाचे अंग; आणि ते निसटल्यामुळे गायकाची संहितादेखील अशुद्ध राहते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

(२)

तबकडी ही ‘प्रत’ आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. लाख, खनिज पूड, काजळी आणि थोडे तंतू यांच्या मिश्रणावर धातूच्या साच्याचा दाब देऊन ती उमटवीत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे सव्वातीन मिनिटांचे वादन मावे. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. मध्यभागी चिकटविलेल्या कागदावर सूचीक्रमांक असे. त्याच्या भोवतीच्या गुळगुळीत भागात साच्याचा क्रमांक कोरलेला असे. हे दोन क्रमांक एक नव्हेत. सूचीक्रमांक विक्रीसाठी होता, साचाक्रमांक त्या विशिष्ट मुद्रणाचा होता. एकच पद एकाच बैठकीत दोनदा गाऊन घेतले जाई आणि कधी पहिला, कधी दुसरा साचा वापरला जाई. अशा वेळी एकाच सूचीक्रमांकाच्या दोन तबकड्यांत दोन निराळी गायने निघू शकतात. हस्तलिखितांच्या परिभाषेत यांना पाठभेद म्हणावे लागेल. ज्या संकलनात केवळ पदाचा आरंभ आणि गायकाचे नाव दिलेले असते, ते कोणत्या प्रतीवरून सिद्ध झाले हे कळण्यास मार्ग नसतो.

चित्रपटगीतांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. बोलपटाच्या आरंभीच्या काळात चित्रपटातील गायन आणि तबकडीवरील गायन ही बहुधा स्वतंत्र मुद्रणे असत. तबकडीच्या सव्वातीन मिनिटांत बसविण्यासाठी गीताची मांडणी बदलावी लागे. मधले वाद्यांचे तुकडे लांबत किंवा आखडत. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’सारखा चित्रपट आज उपलब्ध आहे. त्यामुळे केशवराव भोळे (१८९६–१९६७) यांच्या संगीतयोजनेचा अभ्यास करणाऱ्यास चित्रपट व तबकडी या दोन साक्षींची तुलना करणे अवश्य ठरते. पुनःप्रकाशित संकलनात यांपैकी कोणती साक्ष घेतली आहे याचा निर्देश नसेल, तर अशा तुलनेचा पायाच ढासळतो.

यात भर म्हणून प्रतींचा नाश वेगाने होत आहे. लाखेची तबकडी ठिसूळ असते. तिला बुरशी लागते, आणि एका पडण्यात तिचे तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून त्यांच्यापासून नव्या घडविल्या गेल्या. आपल्याकडे आज निराळे कारण पुरेसे आहे. कल्याणच्या पारनाक्यापासून ठाण्याच्या नौपाड्यापर्यंत जुनी घरे व वाडे पाडून इमारती उठत आहेत. माळ्यावरील पेटाऱ्यातली तबकडी वाजविण्याचे यंत्र घरात उरलेले नसते, म्हणून ती भंगारात जाण्यास विलंब लागत नाही.

(३)

निवडीच्या चाळणीतून वाद्यवृंद का निसटतो, याचे एक कारण भाषेत दडलेले आहे. मराठीत सामूहिक वादनासाठी शब्दांची उणीव नाही. नगारखान्यातील ‘चौघडा’ हा शब्द जुना आहे. ‘वाद्यमेळ’ आणि ‘वाद्यवृंद’ हे शब्द संस्कृतनिष्ठ घडणीचे असून १९५२ मध्ये आकाशवाणीने आपला राष्ट्रीय वाद्यवृंद उभारल्यावर त्यांतील दुसरा अधिक रूढ झाला. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द तर मराठीत येऊन अर्थाने पालटला. व्यवहारात त्याचा अर्थ रंगमंचावर चित्रपटगीते सादर करणारा संच असा झाला. परंतु गाण्याच्या मागे वाजणाऱ्या समुदायासाठी मराठी माणूस यांपैकी एकही शब्द वापरीत नाही. तो म्हणतो ‘साथ’. साथ नेहमी कोणाची तरी असते. ज्याला स्वतंत्र नाव नाही, केवळ षष्ठी विभक्तीने दुसऱ्यास जोडलेले अस्तित्व आहे, त्यास सूचीत स्वतंत्र नोंद मिळत नाही.

नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर या शब्दाचा परिणाम स्पष्ट दिसतो. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यास आणि कादरबक्ष सारंगीस होते, हे सर्वश्रुत आहे. ऑर्गन, सारंगी व तबला यांचा तो मेळ म्हणजे मराठी रंगभूमीने सिद्ध केलेला एक स्वतंत्र नादविशेष होता. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६) व ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकांतील पदे श्रोत्यांच्या मनात ज्या ध्वनीसह वसली, तो ध्वनी एकट्या कंठाचा नव्हता. गायक श्वास घेतो तेव्हा ऑर्गन स्वर धरून ठेवतो. ओळ संपते तेव्हा सारंगी तिची सावली पुढे नेते. तरीही तबकडीच्या कागदावर नाव येते ते गायकाचे, पदाचे, आणि बहुधा नाटकाचे वा रागाचे. पुनःप्रकाशनाने हा मूळचा संक्षेप दुरुस्त करण्याऐवजी बहुधा तसाच पुढे चालविला.

शुद्ध वाद्यमेळाच्या तबकड्यांची स्थिती याहूनही उपेक्षित आहे. सनई-चौघड्याच्या तबकड्या अनेक पिढ्यांच्या लग्नमंडपांत वाजल्या. कदाचित मराठी माणसाने सर्वाधिक वेळा ऐकलेला वाद्यमेळ तोच असेल. परंतु मंगलकार्याची खूण म्हणून ज्या ध्वनीचा उपयोग होतो, त्याकडे कलाकृती म्हणून कोणी पाहत नाही; म्हणून त्याचा वादक कोण, मुद्रण केव्हाचे, हे विचारण्याची गरजही कोणास भासत नाही.

याचे आणखी एक उदाहरण मराठी मुलुखाच्या सीमेवरचे आहे. हुबळीस जन्मलेले व पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेत शिकलेले विष्णुदास शिराळी हे उदयशंकर यांच्या नृत्यपथकाचे संगीतकार होते. १९३७ साली अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने या पथकातील वादकांच्या मुद्रणांचा संच प्रसिद्ध केला. भारतीय वाद्यांच्या समूहवादनाचा, पाश्चात्त्य श्रोत्यांसाठी तबकड्यांवर उतरविलेला हा आरंभीचा एक महत्त्वाचा प्रयोग होय. संच ओळखला जातो तो उदयशंकर यांच्या पथकाच्या नावाने. ज्यांचे नृत्य तबकडीवर उमटणे शक्यच नव्हते, त्यांचे नाव अग्रभागी राहिले. ज्यांचे वादन उमटले, ते मागे पडले. पुढे शिराळी यांनी संगीत दिलेला ‘कल्पना’ (१९४८) हा उदयशंकर यांचा चित्रपट २०१२ मध्ये काळजीपूर्वक पुनरुज्जीवित होऊन कान महोत्सवात दाखविला गेला. चित्रप्रतीस जी निगा मिळाली, तिचा लाभ त्याच संगीतकाराच्या लाखेच्या तबकड्यांनाही मिळावयास हवा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

(४)

वाद्यवृंदाच्या आरंभीच्या तबकड्यांची उपेक्षा पश्चिमेतही दीर्घकाळ झाली; मात्र तिचे कारण वेगळे होते. तेथे वाद्यवृंदास प्रतिष्ठा होती, पण यंत्रास त्याचा आवाका झेपत नव्हता. १९२५ मध्ये विद्युत् मुद्रण सुरू होण्यापूर्वी वादकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसावे लागे. तंतुवाद्यांचा नाद क्षीण पडे, म्हणून धातूचा कर्णा बसविलेली स्ट्रो व्हायोलिने वापरीत. मंद्र स्वरांसाठी मोठ्या तंतुवाद्याऐवजी ट्यूबा घेत. १९०९ मध्ये ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ नृत्यनाट्यातील रचना चार तबकड्यांवर काढल्या. १९१३ मध्ये आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकने बीथोव्हेनची पाचवी सिंफनी आठ बाजूंवर मुद्रित केली. पुढील पिढ्यांनी अशी मुद्रणे यंत्राच्या बाल्यावस्थेचे नमुने म्हणून बाजूस सारली.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा दृष्टिकोन बदलला. जुनी मुद्रणे नव्याने उतरवून प्रसिद्ध होऊ लागली आणि अभ्यासकांना त्यांत अनपेक्षित पुरावा सापडला. रॉबर्ट फिलिप यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आरंभीच्या मुद्रणांवरून वादनशैलीचा इतिहास मांडला. त्या काळचे व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर आपल्या मींडेची आठवण व्हावी असे घसरत जात. लय आजच्यापेक्षा कितीतरी लवचीक होती. छापील स्वरलिपी तीच होती, तरी तिचा उच्चार पालटला होता. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचित आहे: लेखन स्थिर राहते आणि उच्चार बदलत जातो.

परंतु या उदाहरणाचा उपयोग करताना एक महत्त्वाचा भेद विसरता कामा नये. पाश्चात्त्य संपादकाच्या हाती छापील स्वरलिपी असते. सिंफनी ‘सी मायनर’मध्ये आहे हे ठाऊक असल्यामुळे तबकडी चुकीच्या वेगाने फिरते आहे की काय, हे त्यास ताडून पाहता येते. मराठी नाट्यपदाच्या वा सनईच्या मुद्रणास असा लिखित आधार नाही. येथे तबकडी हीच एकमेव प्रत. एकाच हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करावयाची असेल तर संपादकाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. पश्चिमेत जी दक्षता सोयीची म्हणून घेतली जाते, ती येथे अपरिहार्य आहे.

(५)

या दक्षतेचा पहिला विषय म्हणजे वेग. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी आरंभीच्या मुद्रणांचा वेग ठरीव नव्हता. मिनिटास सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत तो आढळतो. याचा परिणाम सूक्ष्म नसतो. मिनिटास ७३.६ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर तिचा प्रत्येक स्वर पूर्ण अर्ध्या सुराने चढतो आणि तीन मिनिटे सत्तावीस सेकंदांचे गायन तीन मिनिटे पंधरा सेकंदांत संपते. गायकाचा कंठ अधिक कोवळा, तान अधिक चपळ आणि ठेका अधिक घाईचा भासू लागतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या आवाजाविषयी किंवा एखाद्या घराण्याच्या लयीविषयी अशा मुद्रणावरून केलेले विधान कलावंताविषयीचे नसून यंत्राविषयीचे ठरण्याचा धोका असतो.

मग खरा वेग ठरवावा कसा? येथे उपेक्षित साथीदारच संपादकाच्या साहाय्यास येतो. गायकाचा षड्ज कोणताही असू शकतो. तंबोरा व सारंगी त्याच्या षड्जास मिळवून घेता येतात. पेटी व ऑर्गन यांना ही मुभा नाही. त्यांच्या पत्त्या कारखान्यातच ठरावीक सुरात बसविलेल्या असतात. गायक काळी एकमध्ये गाईल, पांढरी दोनमध्ये गाईल; पण पेटी साथीस असेल तर या दोहोंच्या फटीत त्यास गाता येणार नाही. तेव्हा तबकडी ७८ वेगाने वाजविली असता पेटीचा षड्ज काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधोमध पडत असेल, तर वेग चुकला आहे असा संशय सयुक्तिक ठरतो. अर्थात हा पुरावा निरपवाद नाही. वाद्यांच्या घडणीत आधारस्वराचे एकच प्रमाण नव्हते. फ्रान्समध्ये मध्यम सप्तकातील ‘ए’ स्वरास सेकंदास ४३५ आवर्तने धरीत, तर इंग्लंडमधील उच्च प्रमाण सुमारे ४५२ होते. ह्या दोहोंत अर्ध्या सुराच्या सुमारे दोन-तृतीयांश इतके अंतर आहे. म्हणून पेटीचा पुरावा एकच उत्तर देत नाही. तो संभाव्य उत्तरांची संख्या मर्यादित करतो. एकाच बैठकीतील अनेक तबकड्यांचे साचाक्रमांक लावून तोच पडताळा घेतला म्हणजे निर्णय बळकट होतो.

पेटीस १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर मज्जाव होता. तिच्या ठरीव स्वरस्थानांमुळे ती भारतीय संगीतास अयोग्य आहे, हा त्यामागील प्रमुख आक्षेप होता. तो आक्षेप संगीतदृष्ट्या कितपत ग्राह्य, हा वेगळा वाद आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने मात्र पेटीचा हा दोषच तिचा गुण ठरतो. जी श्रुतींना वश होत नाही, तीच वेगाची साक्ष देऊ शकते. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) व पी. मधुकर यांच्यासारख्यांनी या वाद्यास जे महत्त्व मिळवून दिले त्याचे मूल्यमापन करतानाही त्यांच्या तबकड्यांचा वेग आधी निश्चित व्हावयास हवा.

(६)

दक्षतेचा दुसरा विषय म्हणजे शुद्धीकरण. जुन्या तबकडीतील खरखर कमी करण्यासाठी तार स्वरांचा प्रदेश गाळून टाकण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. श्रोत्यास त्यामुळे सुखद वाटते. पण खरखर आणि संगीत एकाच प्रदेशात राहत असतात. कर्ण्याच्या पद्धतीत सेकंदास सुमारे दोन ते अडीच हजार आवर्तनांच्या वर फारसे काही उमटत नसे. विद्युत् मुद्रणाने ही मर्यादा पाच हजारांपर्यंत नेली. मराठीतील ‘स’ व ‘श’ यांचा भेद, तसेच ‘चार’मधील तालव्य व ‘चाक’मधील दंततालव्य ‘च’ यांचा भेद कानास पटतो तो बहुतांशी याच वरच्या प्रदेशातील ध्वनींमुळे. विद्युत् मुद्रणाने जे प्रथमच पकडले, ते गाळणी पुन्हा काढून घेते. त्याबरोबर तबल्याच्या चाटेवरील आघाताची धार, सारंगीच्या गजाचा स्पर्श आणि सनईच्या पत्तीची झिणझिण हीही जातात. उरतो तो गोलाईदार कंठ आणि त्यामागे अस्पष्ट गुंजन. साथ ऐकू येत नाही म्हणून तिचे महत्त्व वाटत नाही, आणि महत्त्व वाटत नाही म्हणून गाळताना तिची खंत वाटत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

हस्तलिखितावरील डाग पुसताना अक्षर पुसले जाऊ नये, हा संपादनाचा साधा नियम आहे. त्यास अनुसरून, न गाळलेली प्रत स्वतंत्रपणे जतन करणे आणि गाळलेल्या प्रतीसोबत काय गाळले हे सांगणे, एवढे तरी व्हावे. आरंभीच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव उच्चारतो. गौहरजान यांचे इंग्रजीतील नामोच्चारण यांत प्रसिद्ध आहे. परदेशातील कारखान्यात तबकडीची ओळख पटावी, हा त्याचा हेतू सांगितला जातो. संगीताचा भाग नव्हे म्हणून हे शब्द कापून टाकणे म्हणजे पोथीची पुष्पिका फाडून टाकणे होय.

(७)

विद्यमान प्रयत्नांचे मूल्यमापन या निकषांवर केले असता तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार व्यापारी संकलनांचा. त्यांनी प्रसाराचे मोठे कार्य केले. पण त्यांची मांडणी गायकाच्या नावावर आधारलेली असते. साचाक्रमांक, मुद्रणाचे वर्ष, वेग व साथीदार यांचा उल्लेख असणे हा त्यांत अपवाद होय. तथापि व्यापारी मार्गानेही चांगले काम होऊ शकते. बडोद्याच्या मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ यांनी १९०९ मध्ये कलकत्त्यास केलेली मुद्रणे १९९४ साली समग्र रूपाने सीडीवर आली. निवडक लोकप्रिय पदांऐवजी एका कलावंताचे एका काळातील सर्व उपलब्ध काम एकत्र देणे, ही खऱ्या अर्थाने आवृत्तीची कल्पना आहे.

दुसरा प्रकार संग्राहकांचा. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिचे प्रमुख कार्यकर्ते डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तबकड्यांच्या इतिहासाचा पाया घातला. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध करून या विद्येस शास्त्रीय शिस्त आणली. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या योजनेतून ‘यंग इंडिया’ व ‘ओडियन’ या दोन छापांच्या तबकड्यांचे अंकीय जतन झाले. यांपैकी ‘यंग इंडिया’चे महत्त्व येथे विशेष आहे. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या तबकड्या काढल्या, आणि त्यांवर प्रामुख्याने नवख्या व अप्रसिद्ध कलावंतांना स्थान मिळाले. प्रसिद्ध नावाच्या आधारे निवड करणाऱ्या कोणत्याही संकलनात अशा तबकड्या येणे संभवत नाही. संपूर्ण छाप एकक मानून जतन केले, म्हणूनच त्या वाचल्या. निवडीचे तत्त्व बदलले की उपेक्षितास स्थान मिळते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

तिसरा प्रकार आंतरजालावरील व्यक्तिगत संग्रहांचा. त्यांची विपुलता थक्क करणारी आहे आणि अनेक दुर्मिळ तबकड्या केवळ तेथेच ऐकावयास मिळतात. पण बहुतेक ठिकाणी स्रोताचा निर्देश नसतो. एकाने उतरविलेली प्रत दुसरा घेतो, तिसरा तिची आणखी गाळणी करतो, आणि मूळ तबकडीचे छायाचित्रही मागे राहत नाही. लिपिकारांच्या हातून पोथ्यांची जी गत झाली, तिचीच ही पुनरावृत्ती आहे. फरक एवढाच की पूर्वी तीनशे वर्षांत जे घडे, ते आता तीन वर्षांत घडते.

(८)

कायद्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. १९५७ च्या भारतीय प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे लाखेच्या युगातील बहुतांश मुद्रणे आता मुक्त झाली आहेत. मात्र रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते. टेंबे यांच्या चाली त्यातून २०१५ च्या अखेरीस सुटल्या. मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या रचनांसाठी २०३४ च्या अखेरीपर्यंत थांबावे लागेल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करणे बंधनकारक झाले. ध्वनिमुद्रिका त्या कायद्याच्या कक्षेत आल्या नाहीत. त्यामुळे कोणत्याही मराठी तबकडीची एक तरी प्रत अमुक ठिकाणी असलीच पाहिजे, असे म्हणता येत नाही.

ही उणीव स्थानिक संस्था काही अंशी भरून काढू शकतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. छापील मराठी शब्द सांभाळण्याचा दीर्घ अनुभव या परिसरास आहे. घर रिकामे करताना जुने ग्रंथ वाचनालयास द्यावेत ही रीत येथे रुजली. तबकड्यांच्या बाबतीत ती रुजविणे अशक्य नाही. त्यासाठी प्रारंभी महागड्या यंत्रसामग्रीचीही गरज नाही. तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या कागदांचे व कोरलेल्या क्रमांकांचे स्वच्छ छायाचित्र आणि मिळालेल्या स्थळाची नोंद, एवढ्याने सूचीचा आरंभ होतो. ती वाजवून उतरविण्याचे काम जाणकाराने सावकाश करावे. अयोग्य सुईने घाईने वाजविलेली तबकडी पुन्हा तशी राहत नाही.

विद्यापीठीय अभ्यासकाकडे उरते ते संपादनाचे काम. प्रत्येक पुनःप्रकाशित मुद्रणासोबत साचाक्रमांक, वापरलेल्या प्रतीची ओळख, निवडलेला वेग व त्याचा आधार, केलेली गाळणी, आणि वादकांची नावे दिलेली असावीत. नावांपुढे पुराव्याची प्रतही सांगावी: कागदपत्रावरून निश्चित, समकालीनांच्या सांगण्यावरून संभाव्य, किंवा केवळ वादनशैलीवरून अनुमित. पुरावा नसेल तेथे ‘वादक अज्ञात’ असे स्पष्ट छापावे. हे दोन शब्द क्षुल्लक नाहीत. रिकामी जागा वाचकास काहीच विचारीत नाही. ‘अज्ञात’ हा शब्द शोधास आरंभ करून देतो. सारंगीवर कोण होते, ऑर्गन कोणी वाजविला, हे प्रत्यक्ष ऐकलेल्या किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून समजलेल्या व्यक्तींची संख्या दरवर्षी घटत आहे. तबकडी जपून ठेवली तर तिचा वेग उद्याही ठरविता येईल. वादकाचे नाव मात्र विचारावयाचे असेल, तर ते आजच विचारले पाहिजे.